ओरिजिनल कलर

जी गाडी कधी पळालीच नाही, तिची किंमत जन्मभर पळालेल्या गाडीपेक्षा जास्त का असावी? उत्तर देण्याची घाई करू नका. तीन वर्षं झाली, मी या प्रश्नाशी भांडते आहे आणि दरवर्षी हळदीच्या हंगामात तो पुन्हा माझ्या दारात येऊन उभा राहतो.

परवा कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. दोन जुन्या जपानी स्पोर्ट्स कार शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक लाल, एक पांढरी. सांगणारा माणूस जीव ओतून तुलना करत होता. लाल गाडी वळणावर कशी चिकटून राहते, पांढरी सरळ रस्त्यावर कशी सुटते. लाल गाडीनं शर्यती मारल्या होत्या, पांढरी गॅरेजमधून फारशी बाहेरच आली नव्हती. शेवटी त्यानं निकाल दिला: चालवायला लाल घ्या, संग्रहाला पांढरी. तेवढ्यात खिडकीतून उकडलेल्या हळदीचा वास आला. मातीचा, वाफेचा आणि थोडासा औषधासारखा. मी व्हिडिओ बंद केला, कारण मला पुढचं माहीत होतं. ही तुलना आमच्या गावी, डोंगरकड्याला, आमच्या ओसरीवर होऊन गेली होती.

आमच्याकडच्या गाड्या चारचाकी नव्हत्या. दोन फटफट्या होत्या, पण इंजिनं जपानी आणि पूर्वीच्या तरुणांनी ज्यांच्यासाठी झोपा घालवल्या त्या जातीच्या. एक माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, चेरी लाल रंगाची आरएक्स हंड्रेड. दुसरी त्यांच्या मित्राची, वसमतच्या सुधाकरकाकांची, काळी शोगन. अण्णा शेतकरी. पाच एकर, त्यात दोन एकर हळद, आणि उरलेल्या वेळात पत्रकं. काका एका जुन्या देवस्थानाचे पुजारी. शेतकरी आणि पुजारी यांची दोस्ती कशी जमली हे दोघांनाही आठवत नाही. भांडण मात्र पाठ होतं.

काकांची गाडी एकशे आठ सीसीची, चौदा घोड्यांची. अण्णांची अठ्ठ्याण्णवची, अकरा घोड्यांची. काका म्हणायचे, तीन घोडे जास्त आहेत माझे, हिशोब संपला. अण्णा म्हणायचे, तुझे घोडे वर गेल्यावर जागे होतात, माझे पायरीपासून ओढतात. दोघंही खरं बोलत होते. शोगन खालच्या वेगात झोपल्यासारखी चालायची, आणि एकदा का सूर वर चढला की अंगात आल्यासारखी सुटायची. आरएक्सचं तसं नव्हतं. मागे आई, पुढे टाकीवर मी, बाजूला पत्रकांचा गठ्ठा आणि हँडलला पत्रकं चिकटवायच्या खळीचा डबा, एवढं घेऊन ती चिखलातून पहिल्या गिअरवर कुरकुर न करता निघायची.

माझं बालपण त्या टाकीवर गेलं. लोकांची मुलं अंगाईवर वाढतात, मी पत्रकांवर वाढले. दारूचं दुकान शाळेपासून हलवा. मुलींच्या शाळेच्या वेळेला एसटी सोडा. हळद मोजताना काटा शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर ठेवा. कळमनुरीच्या छापखान्यातून ओली पत्रकं उचलायची आणि गावोगाव वाटायची. शाईचा वास, टू-स्ट्रोकच्या धुराचा वास आणि अण्णांच्या शर्टाला लागलेल्या हळदीचा वास, हे तीन मला अजून वेगळे करता येत नाहीत. त्या काळात अण्णा परदेशी कंपन्यांच्या विरोधातही पत्रकं वाटत. काका टोमणा मारायचे, "कंपन्यांना हाकलायला निघाला गोविंद, अन् बुडाखाली जपान." अण्णा म्हणायचे, "इंजिन जपानचं असंल, चिखल तर इथलाच खातंय न्हाई का."

पत्रक लिहिण्याचा अण्णांचा एकच कायदा होता. ज्या शब्दाचे दोन अर्थ निघतील तो शब्द पत्रकात घालायचा नाही. हा कायदा त्यांना ठेच लागून मिळाला होता. अगदी पहिल्या पत्रकात त्यांनी लिहिलं होतं, ‘सभा उद्या सकाळी.’ ज्यांना पत्रक सोमवारी मिळालं ते मंगळवारी आले. ज्यांना मंगळवारी मिळालं ते बुधवारी आले आणि रिकाम्या मैदानावर बसून शिव्या देऊन गेले. तेव्हापासून ‘उद्या’ बंद. वार लिहायचा, वेळ लिहायची. मी पहिलीत असताना कंपासच्या टोकानं गाडीच्या टाकीवर ‘सभा’ असं कोरलं होतं. मार बसेल म्हणून मी गोठ्यात लपले. अण्णांनी टाकीवरून अंगठा फिरवला आणि मला हाक मारून एवढंच विचारलं, "कोणत्या वारी, ते न्हाई लिवलं?"

शोगनचं बालपण वेगळं. काकांनी ती हौसेनं घेतली आणि वर्षभर उडवली. मग त्यांच्या वडिलांनी सांगितलं की पुजाऱ्याच्या पोरानं असं रस्त्यावर फटफटी उडवलेली देवाला आणि यजमानाला चालत नाही. गाडी देवस्थानाच्या कोठीत गेली, समयांच्या आणि जुन्या पालखीच्या शेजारी, धुतलेल्या धोतराखाली. दसऱ्याला बाहेर निघायची. हळदकुंकू, हार, नारळ आणि नाक्यापर्यंत एक फेरी. मग परत धोतर. काकांचे वडील वारले तेव्हा काकांची पन्नाशी उलटली होती, आणि गाडी बाहेर काढण्याची सवय हातातून गेली होती.

त्या एका मोकळ्या वर्षात दोघांची एक शर्यत झाली होती. माझ्या जन्माच्या आदल्या उन्हाळ्यात, बाळापूर ते डोंगरकडा. ती शर्यत आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की मीही तिथं होते असं मला वाटतं. अर्ध्या रस्त्यात अण्णांचा पत्रकांचा गठ्ठा सुटला. कागद वाऱ्यावर उधळले, शेजारच्या हळदीच्या रानात गेले. काका आरशात बघतात तर मागे आरएक्स नाही. ते परत आले, आणि दोघं रानातून कागद वेचत बसले. काकांचं म्हणणं, मी पुढं होतो, जिंकलो. अण्णांचं म्हणणं, तू जिथं वळलास तिथून पुढचा सगळा चढ होता, चढावर मी तुला खाल्लं असतं. निकाल लागलाच नाही. भांडण पुढची तीस वर्षं चाललं.

आता तीन वर्षांपूर्वीचा हंगाम. अण्णांचा उजवा गुडघा गेला होता. आरएक्सला किक लागते, आणि तो गुडघा किकेला उभा राहत नव्हता. गाडी दारात उभी असायची आणि अण्णा तिच्याकडे पाठ करून बसायचे. एक दिवस म्हणाले, विकून टाकू, पण भंगारात नाही. जो हिला हाताळील त्यालाच. मी तेव्हा हिंगोलीला नोकरीला होते. जुन्या गाड्या जमवणाऱ्यांचा एक गट मोबाइलवर सापडला, त्यात मी दोन्ही गाड्यांचे फोटो टाकले, कारण काकांनीही सहज म्हणून हो म्हटलं होतं. पुण्याहून एका तरुणाचा फोन आला. त्याला दोन्ही बघायच्या होत्या. मी लगेच अण्णांना कळवलं. फोनवर मी घाईत म्हणाले, "अण्णा, रविवारी येतोय तो. त्याला गाडी ओरिजिनल पाहिजे."

अण्णा म्हणाले, "समजलं. काळजी करू नको."

ओरिजिनल. एवढा एकच शब्द मी बोलले.

रविवारी मी घरी पोचले तेव्हा अंगणात एक अनोळखी गाडी उभी होती. टाकी आरशासारखी. मडगार्डवर नांदेडहून करून आणलेली नवी चकाकी, सीटला नवं रेक्झिन, टाकीच्या कडेनं सोनेरी रेघ. वसमतच्या पेंटरनं घासून, खड्ड्यांत लांबी भरून, रंगाचे तीन हात मारले होते. अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. सुधाकरकाका सकाळच्या एसटीनं येऊन ओसरीवर बसले होते. आई पोहे परतत होती आणि आतूनच बोलत होती. आमच्या घरात मुलगी बघण्याचा कार्यक्रम कधी झाला नाही, त्या प्रथेविरुद्ध अण्णांनी पत्रक काढलं होतं. त्यामुळे आईचा टोमणा बरोबर जागी लागला: "पोरीला दाखवलं न्हाई कधी, अन् फटफटीला पावडर लावून बसवून राहिलेत."

मी काही बोलण्याआधी त्याची कार दारात आली.

तो मुलगा वाईट नव्हता. हे मला लिहून ठेवलं पाहिजे, कारण तेव्हा मला तो वाईट असावा असं फार वाटत होतं. नम्र होता. चपला बाहेर काढल्या, अण्णांच्या पाया पडला. मग गुडघ्यावर बसून त्यानं गाडी बघितली. इंजिनाचा नंबर, चासीचा नंबर, मागचा दिवा, नटबोल्ट. टॉर्च लावून टाकीच्या खालून बघितलं. बराच वेळ टाकीवर हात ठेवून बसला आणि हळूच विचारलं, "काका, हा रंग कधी केला?"

"बुधवारी," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात लग्नघरातल्या माणसाचा अभिमान होता. "खास तुमच्यासाठी. तुमाला ओरिजिनल पाहिजे व्हती ना. शोरूममधून आली तवा अशीच दिसायची."

 पोह्यांच्या ताटल्या आल्या. त्यानं भिंतीकडे बघितलं. तिथं एक फोटो आहे: आरएक्स, टाकीवर मी, अण्णांच्या हातात पत्रकं. अण्णांचा गुडघा जिथं घासायचा तिथला रंग उडून पत्रा उघडा पडलेला, सीटच्या शिवणीत हळद मुरलेली, खळीचे ओघळ, आणि टाकीच्या कडेला, नीट बघितलं तर, माझा ‘सभा’. तो फोटोजवळ गेला. म्हणाला, "ही अशी असती तर मी दुसरी गाडी बघायलाही गेलो नसतो."

अण्णा म्हणाले, "अशीच तर व्हती. मंगळवारपर्यंत."

मग मला ते समजलं. आमच्या भागात माल बाजारात न्यायचा तर आधी काय करतात? हळद काढतात, उकडतात, वाळवतात आणि ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. साल जाते, खरवड जाते, सोन्यासारखा कंद बाहेर येतो, आणि भाव पॉलिशला मिळतो. बिनपॉलिशची हळद घेऊन वसमतच्या बाजारात उभं राहणं म्हणजे अंघोळ न करता मांडवात जाणं. जन्मभर हळद विकलेल्या माणसानं दुसरं काय करायला हवं होतं? त्यांनी गाडीचं पॉलिश केलं. आणि त्या मुलाच्या बाजारात भाव सालीला होता.

त्याच दिवशी आम्ही सगळे त्याच्या कारमधून वसमतला गेलो. कोठीतलं धोतर निघालं. शोगनचा रंग जसाच्या तसा, स्टिकर जसेच्या तसे, टूलकिटची पिशवीसुद्धा जागेवर. तो मुलगा श्वास रोखून बघत होता. मागितली त्याहून जास्त रक्कम त्यानं आपण होऊन सांगितली. अण्णा दाराला टेकून उभे होते, नापास झालेल्या मुलाच्या बापासारखे.

काका खूश व्हायला हवे होते. ते कोठीच्या पायरीवर बसले. गाडी त्यानं बोलावलेल्या टेम्पोत चढताना मी त्यांच्याजवळ गेले. ते म्हणाले, "आता समदं वसमत म्हणंल, सुधाकरनं काय जपली गाडी. मी न्हाई जपली, मुक्ता. मला चालवू दिली न्हाई. त्यानं जे पैसे दिले ना, ते मी जे केलं न्हाई त्याचे दिलेत."

हे वाक्य मी कुठल्याही पत्रकात घातलं असतं.

तेव्हापासून मला किंमत या गोष्टीचा राग येतो, आणि नंतर मी तो राग तपासून बघते. दुर्मीळ ते मौल्यवान, हे मला समजतं. ज्या गाड्या कामाला जुंपल्या त्या झिजून संपल्या, म्हणून न जुंपलेली एखादी उरते आणि तिला मान मिळतो. पण मग त्या मानात आपण नेमकं काय साजरं करतो? हळदीच्या रानात बायका वाकून कंद वेचतात. त्यांच्या तळहाताचा पिवळा रंग वैशाखापर्यंत जात नाही. हळदीला भाव असतो, त्या हातांना फक्त रोजंदारी. झिजलेलं बघायला आपली नजर तयार नाही, आणि ज्याची नजर तयार आहे तोही झीज विकत घ्यायला येतो, हे मला टोचलं. एक कबूल करते: आरएक्स धूर करते. तिचं कौतुक करताना तो धूर मी झाकणार नाही. तिनं वाटलेल्या पत्रकांमुळे मुलींच्या वेळेला एसटी सुरू झाली, हेही झाकणार नाही.

परतताना आम्ही एसटीनं आलो. अण्णा खिडकीशी बसले होते. बाहेर दोन्हीकडे हळद वाळत पडली होती, एका खळ्यावर पॉलिशचा ड्रम फिरत होता आणि पिवळी धूळ रस्त्यावर येत होती. मी म्हणाले, "अण्णा, चूक माझी झाली. शब्द चुकला."

"कोणता?"

"ओरिजिनल."

त्यांनी ओठांत तो शब्द दोनदा घोळवला, छापायला जाणारा मजकूर तपासावा तसा. मग मान हलवली. "दोन अर्थाचा हाय. तू ‘जशी हाय तशी’ म्हणायला पाहिजे व्हतं."

"व्हय."

"मंग, पत्रकात चूक झाल्यावर आपण काय करत व्हतो?"

"दुरुस्तीचं पत्रक काढत होतो."

"मंग काढ," ते म्हणाले, आणि बाहेर बघायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "विकायची म्हणून न्हाई विकत व्हतो मी. दारात उभी दिसती अन् आवाज येत न्हाई, ते सोसंना."

दुरुस्तीचं पत्रक म्हणजे काय, हे मला समजायला आठवडा लागला. पुढच्या शनिवारी मी घरी आले आणि किक मारायला शिकले. पहिल्या दिवशी पोटरीला काळंनिळं झालं. अण्णा खाटेवर बसून हसत होते आणि सांगत होते की लाथ मारू नको, पाय सोड, ती ओळखीच्या पायाला उठते. तिसऱ्या दिवशी ती उठली. तो आवाज अंगणात आला आणि आई हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली. नव्या रंगावर पहिला ओरखडा मी गोठ्याच्या खांबाला घासून त्याच संध्याकाळी पाडला. अण्णांनी अंगठा फिरवून बघितला. चेहऱ्यावर समाधान होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांना मागे बसवलं. जन्मात पहिल्यांदा ते त्या गाडीवर मागे बसले. एक हात माझ्या खांद्यावर. कुठं जायचं विचारलं तर म्हणाले, बाळापूरच्या रस्त्यानं घे. एका वळणावर त्यांनी खांदा दाबला. मी थांबले. रस्त्याकडेला हळद निघून मोकळं झालेलं रान होतं, ढेकळं आणि वाळका पाला.

"इथं कागद सांडले व्हते," ते म्हणाले. "अन् तिकडून सुधाकर वापस आला."

मी विचारलं, खरं सांगा, चढावर तुम्ही त्याला गाठलं असतं का?

ते रानाकडे बघतच म्हणाले, "न्हाई. त्याची गाडी फास्ट व्हती. लई पुढं गेला व्हता. एवढं पुढं जाऊन वापस आला." मग खांद्यावरचा हात घट्ट झाला. "गाडी तर गेली त्याची. अन् मी त्याला हे कधी बोललो न्हाई. चल, वसमतला घे."

काका देवळाच्या ओट्यावर बसले होते. अण्णांनी उतरून, गुडघा सांभाळत, आधी दम घेतला आणि मग सरळ सांगितलं, "सुधाकर, तू जिंकला व्हतास."

काका म्हणाले, "हे सांगायला तीस वर्षं लागली व्हय रे तुला? काहून?"

"पत्रक छापायला टाइम लागला," अण्णा म्हणाले.

काका हसले आणि हसता हसता डोळ्यांना उपरणं लावलं. मग उठले, धोतराचा काचा मारला आणि माझ्यापुढे हात केला. मी चावी दिली. दुसऱ्याच किकेत आरएक्स उठली. पासष्टीचा पुजारी उपरणं उडवत नाक्याकडे गेला. दसऱ्याची फेरी जिथं संपायची तो नाका आला, आणि आवाज तिथं वळला नाही. पुढे गेला. अण्णा ओट्यावर बसून कान लावून ऐकत होते. "ओढतीय," एवढंच म्हणाले. काका परत आले तेव्हा मागच्या चाकाला पाटाचा चिखल होता आणि सोनेरी रेघेवर खडे उडालेले.

तीन हंगाम झाले. आरएक्सचा रंग आता पुन्हा उडायला लागला आहे. डाव्या बाजूला, माझ्या गुडघ्यापाशी. एखादा संग्राहक येईल तेव्हा मी त्याला सांगेन की हा कलर ओरिजिनल नाही, आणि ही झीज ओरिजिनल आहे, पण विकायची नाही.

आता माझी मागणी. तुमच्याही घरात अशी एक गाडी आहे. लूना असेल, सायकल असेल, एखाद्या कपड्याखाली झाकलेली स्कूटर असेल. तिची किंमत कुणाला विचारू नका. कापड काढा, हवा भरा, सुरू करा. ज्यानं ती चालवली, किंवा ज्याला ती चालवू दिली नाही, त्या माणसाला मागे बसवा आणि तो सांगेल त्या रस्त्यानं न्या. तो थांब म्हणेल तिथं थांबा आणि तो काय बोलतो ते ऐका. हे काम उद्या करा असं मी लिहिणार नाही, तो शब्द आमच्या घरात बंद आहे. रविवारी करा. सकाळी आठ वाजता.